पाव इंच माया

२ फेब्रुवारी, सकाळी

आजवर माझ्या हातून झालेलं: स्कूटरची आणि गाड्यांची सीट कव्हरं, इतकी की मोजणं सोडून दिलं. घरातला सोफा, आणि त्याच्या पोटातून निघणारा पलंग. बाथरूमचा पडदा, कडेत शिशाच्या गोळ्या घातल्यात, त्यामुळे अंगाला चिकटत नाही. सासूबाईंच्या चाकाच्या खुर्चीची गादी. डॉक्टर फोटो काढून घेऊन गेले. कन्येची दप्तरं, पहिली ते दहावी. एकही उसवलं नाही. एक हरवलं, तो दोष माझा नव्हे. दोन शिलाई मशिनं, भंगारातून उचललेली, स्वतः खोलून स्वतः जोडलेली. कुणाच्या हाताखाली उमेदवारी केली नाही. केली असती तर त्यांच्या चुकाही शिकलो असतो.

आता विंग शिवणार.

३ फेब्रुवारी

कालची नोंद उत्साहात संपली. नीट लिहितो. हे कुणी वाचणार नाही, पण म्हणून गबाळं लिहायचं असं थोडंच आहे.

कन्या दवाखान्यात एक्स-रे काढते आणि सुट्टीच्या दिवशी विमानातून उडी मारते. स्कायडायव्हिंग. रीतसर शिकली आहे. पाठीवर दोन छत्र्या असतात, पहिली नीट उघडली नाही तर दुसरी. शिवाय एक यंत्र. माणूस वर बेशुद्ध झाला तरी ते राखीव छत्री आपणहून उघडतं. त्या राखीव छत्रीची घडी फक्त लायसन्सवाला माणूस घालतो. मी म्हटलं, मी घालून देतो की, मोटारींची कव्हरं पिशव्यांत कोंबण्यात हयात गेली. कन्या म्हणाली, बाबा, ती कोंबायची नसते.

आता तिला स्पीडफ्लाइंग करायचं आहे. म्हणजे लहानशी विंग, छत्रीच्याच जातीचं पण पंखासारखं पसरणारं कापड, डोक्यावर उभारून टेकडीच्या उतारावर धावत सुटायचं, आणि गवताच्या जरा वरून, मोटारीच्या वेगाने खाली यायचं. तिथे राखीव छत्रीचा उपयोग नाही, उघडायला उंचीच नसते. जी काही मदार ती विंगेवर. आणि ती विंग कन्या सेकंडहँड घेणार होती! कुणाची तरी वापरलेली! बाप दुकानात मशीनवर बसलेला असताना!

मी शिवतो, असं जाहीर केलं. कन्या फोनवर त्या सेकंडहँड विंगेचा फोटो बघत राहिली. भारावली असावी.

ही स्वयंपाकघरातून म्हणाली, पोरीच्या अंगावर चढवायच्या आधी स्वतः घाला आणि उडून दाखवा. आणि तेही शिकून, उगाच नाही.

मान्य केलं. त्यात काय.

७ फेब्रुवारी

पाहणी करून आलो. टेकडीखाली पत्र्याची शेड, तेच ते कन्येचं स्पीडफ्लाइंगचं स्कूल. प्रमुख एक बाई. पस्तिशीच्या, उन्हाने रापलेल्या. बोलताना समोरच्याकडे कमी आणि आभाळाकडे जास्त बघतात. मला काका म्हणाल्या. काका म्हणू नका, असं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून मामा म्हणतात.

गवतावर एक विंग पसरली होती. टेप काढून मापं घेतली. शिवण ठीक. नियमित आहे, पण त्यात जीव नाही. आणि जोडांच्या कडेला अर्धा अर्धा इंच माया, वर दुमडून दुहेरी शिवलेली! केवढी उधळपट्टी. लोक शिवणीबाहेर एवढं जास्तीचं कापड सोडतात कारण त्यांचा स्वतःच्या मापावर विश्वास नसतो. मी पाव इंच माया ठेवतो. सगळ्या बाजारात माझी हीच ओळख आहे.

बाई म्हणाल्या, कन्येला सुरुवातीला मोठी, संथ विंग हवी आणि मामा, तुमच्या वजनाला त्याहून मोठी. वजन जास्त आणि विंग लहान, की वेग वाढतो आणि चूक सुधारायला वेळ उरत नाही. मी मान डोलावली. मान डोलावणं म्हणजे कबूल करणं नव्हे.

११ फेब्रुवारी

कापड आलं. गाड्यांच्या पावसाळी कव्हरांचं नायलॉन, चंदेरी. हाताला गुळगुळीत, एकदम वरचा माल.

मापाचा निर्णय झाला. अकरा चौरस मीटर. बाई मला अठरा सांगतात, पण ताग्यात अकराच बसतात. शिवाय विंग लहान म्हणजे शिवणी कमी, आणि शिवणी कमी म्हणजे उसवायला जागा कमी. हा मुद्दा बाईंना सुचलेला दिसत नाही.

१६ फेब्रुवारी

दोऱ्या. बाईंच्या दोऱ्या किती भार घेतात ते कारखान्यात तपासून येतं म्हणे. मीही तपासल्या. खिडकीच्या पडद्याची दोरी दुकानाच्या छतातल्या हुकाला बांधून स्वतः लटकलो. दोरी तुटली नाही. हूक निघाला.

कंबर धरली आहे. हिला सांगितलं, मशीन सरकवली.

२० फेब्रुवारी

बाकीचं साहित्य बाईंना दाखवलं. मोठी चूक.

पाठीला लागू नये म्हणून सोफ्याच्या उरलेल्या फोमचं जाड पॅड केलं आहे. बाईंनी ते अंगठ्याने दाबलं. अंगठा पलीकडे टेकला. तो तसाच टेकवून ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या. मग हेल्मेट. माझं स्कूटरचं. बाई म्हणाल्या, जड आहे, मानेला झेपणार नाही, शिवाय वाऱ्याचा आवाज कळत नाही त्यात. मी म्हटलं, याच हेल्मेटने एकदा माझा जीव वाचवला आहे. तर म्हणाल्या, मग तर मुळीच नको, एकदा आपटलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यावर घेत नाहीत.

या बाईंना कशातही वाकडंच दिसतं. कोर्सला नाव घातलं. हिला शब्द दिला आहे.

२३ फेब्रुवारी

कोर्सचा पहिला दिवस. सकाळपासून स्कूलची मोठी विंग वर उचलायची, डोक्यावर तोलून धरायची, खाली ठेवायची. उडायचं नाही. असं कित्येक आठवडे चालणार. म्हणजे पोहायला घातलं आणि टॉवेल पिळायला शिकवतात.

दुपारी वारा वाढला तशी विंग मला गवतावरून ओढत घेऊन निघाली. बाई मागून ओरडत होत्या, ब्रेक ओढा मामा, ब्रेक ओढा! मी ओढतच होतो. विंगही ओढत होती. शेवटी कुंपणाने सोडवलं.

माझ्याबरोबर एक बँकवाला आहे. पोट सुटलेला, घामाघूम. विंगेला हात लावण्याआधी दर वेळी विचारतो, वारा ठीक आहे ना बाई? नक्की ना? असली माणसं जन्मात उडत नाहीत.

१ मार्च

आज वर्गात माझ्यामुळे भर पडली.

बाई अखंड मार्जिन, मार्जिन करत होत्या. उंचीत मार्जिन, वाऱ्यात मार्जिन. मी उभा राहिलो आणि म्हटलं, आमच्या धंद्यात याला माया म्हणतात. बाईंना शब्द फारच आवडला. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिला. म्हणाल्या, आजपासून हेच. जेवढा वारा झेपतो त्याच्या अलीकडेच थांबा, ती वाऱ्यातली माया. उतार ओळखीचा घ्या, विंग एक माप मोठी घ्या, उतरायला जागा दुप्पट धरा. आणि स्वतःच्या हुशारीतही थोडी माया सोडा. हे शेवटचं बोलताना त्या आभाळाकडे बघत नव्हत्या.

बँकवाल्याने सगळं उतरवून घेतलं.

मग बाईंनी सहज विचारलं, तुमच्या विंगेत किती ठेवलीत मामा? पाव इंच, म्हटलं. हळू सांगितलं तरी चाललं असतं, पण मी जरा मोठ्यानेच सांगितलं. बाई जागच्या उठल्या. माझ्या कापडाचा तुकडा मागून घेतला, कडेला सुई खुपसली आणि हलकेच ओढली. धागे केसांसारखे सुटत सुई कडेबाहेर आली. म्हणाल्या, हे रेक्झिन नव्हे मामा. यात टाका तुटत नाही, टाका तसाच राहतो. कापड त्याच्यातून निघून जातं.

मी म्हटलं, तुम्ही उडायचं बघा, शिवणीचं मला शिकवू नका.

कुणी हसेल असं वाटलं होतं.

५ मार्च

कोर्स सोडला. जेवढं घेण्यासारखं होतं तेवढं घेतलं. राहिलेला भाग म्हणजे पुन्हा पुन्हा तेच करणं, आणि ते मला लागत नाही. मशीनही मी एकदाच खोलून शिकलो.

कन्येला सांगितलं, माझा कोर्स झाला. तिने विचारलं, बाईंनी सोडलं का तुम्हाला? मी म्हटलं, मी बाईंना सोडलं. तीही आता जात नाही. आपली विंग झाल्यावर एकदमच जाऊ, असं मी सुचवलं होतं. सेकंडहँडवाल्याला तिने नको म्हणून कळवलं आहे.

जेवताना ही म्हणाली, अहो, तिला तुमची विंग नकोय. तुमचं मन मोडवत नाही तिला, एवढंच. मी म्हटलं, तसं असतं तर तिने मला सांगितलं असतं. ही म्हणाली, तिला सांगता आलं असतं तर मी कशाला तोंड उघडलं असतं?

बायका गोष्टी गुंतवून ठेवतात.

९ मार्च

विंग पूर्ण. दुकानाचं शटर अर्धं ओढून फरशीवर पसरली. काय दिसते! शेजारचा चावीवाला दोनदा डोकावून गेला. म्हणाला, ट्रकचं कव्हर का?

एका जोडाला सहज नख लावून बघितलं. दोन धागे सरकले. त्यावरून आणखी एक टाका मारून घेतला. मग सगळ्याच जोडांवरून मारला. आता टाके दुप्पट आहेत. कापड तेवढंच आहे, पण टाके दुप्पट.

जेवण गेलं नाही. भाजी खारट होती. हिने चाखली, म्हणाली, नाही हो.

१३ मार्च

स्कूलच्या उतारावर माझी विंग आणायची नाही, असा बाईंचा निरोप. नकोच. टेकडीची मागची बाजू सगळ्यांची आहे. उतार थोडा तीव्र, खाली दगड आहेत, पण सगळीकडे नाहीत.

ठरलं. रविवारी. आधी मी, मग त्याच विंगेवर कन्या.

दुपारी बाईंचा फोन. मामा, तुम्ही मोठे आहात, तुम्हाला मी अडवू शकत नाही. पण पोरीला तरी त्याच्यावर नका घालू, पाया पडते. मी म्हटलं, आवाज तुटतोय, रेंज नाही. रेंज होती.

फोन ठेवल्यावर बराच वेळ सुईत दोरा जात नव्हता. चष्म्याचा नंबर वाढला असणार.

१६ मार्च, रविवार, पहाटे

निघतो आहोत. वारा ठीक. म्हणजे झाडाच्या फांद्या हलतात, पण लहान फांद्या. ही येणार नाही म्हणाली आणि मग चप्पल घालून आमच्या आधी गाडीत जाऊन बसली.

कन्येने माझ्यासाठी कुणाकडून तरी चांगलं हेल्मेट मागून आणलं आहे आणि ते घातल्याशिवाय गाडी सुरू करणार नाही म्हणते. घातलं. भांडायला वेळ नव्हता. तिने स्वतःचा हार्नेस, विंग अडकवायचे अंगावरचे पट्टे, घरातूनच चढवला आहे. चेहरा उतरलेला. विचारलं, काय झालं? म्हणाली, काही नाही बाबा, तुमच्यानंतर मी आहे. भूक लागली असेल तिला.

१९ मार्च

पडल्या पडल्या लिहितो आहे.

विंग वर आली. हे आधी लिहून ठेवतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही. सुंदर वर आली. सरळ, भरलेली, चंदेरी. मी धावलो. पाय सुटले. इतका वेग मी कशावरही बसून अनुभवलेला नाही. दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा उंच होतो, तेव्हा डाव्या बाजूने आवाज आला. दुकानात मी चिंधी टरकावतो तो आवाज. ओळखीचाच.

फिरलो तो तोंड टेकडीकडे झालं. वर कन्या उभी होती. सगळे बकल लावून, आपल्या पाळीसाठी. तिचं वजन माझ्या निम्म्याहून थोडं जास्त. ती असती तर जोड कदाचित इतक्या लवकर गेला नसता. आणखी वर जाऊन मग

हे वाक्य पुरं करत नाही.

उजवा घोटा. मशीनचं पेडल याच पायाने दाबतो.

एक्स-रे कन्येनेच काढला. हलू नका म्हणाली, दुसरं काही नाही. पहिला फोटो पुसट आला, पुन्हा काढावा लागला. मी हललो नव्हतो.

डॉक्टर म्हणाले, हेल्मेटला केवढा पोचा पडलाय बघा, याच्या जागी डोकं असतं. ही बाहेर जाऊन बसली.

२४ मार्च

विंग पलंगावर मागवून तपासली. निष्कर्ष अत्यंत महत्त्वाचा: एकही टाका तुटलेला नाही. एकही नाही. दुहेरी रांग जशीच्या तशी, दोऱ्यालाही सुरकुती नाही. कापड मात्र टाक्यांतून निसटून मोकळं झालं आहे. म्हणजे शिवण नापास झालेली नाही. कापड नापास झालं.

हिला सविस्तर समजावून सांगितलं. हिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, अहो, पण पडलात ना?

वाऱ्याचाही भाग आहेच. आणि ते मागून आणलेलं हेल्मेट मला सैल होतं.

दुकान बंद. तीन गिऱ्हाइकं चावीवाल्याकडे चौकशी करून गेली. त्याने त्यांना सांगितलं, ते आकाशातून पडले. कशातून, ते तरी नीट सांगायचं.

३० मार्च

कन्येने ती सेकंडहँड विंग घेतली. मला न विचारता. मोठी, संथ, कडेने थोडी विटलेली. कोर्सही पुन्हा धरला आहे, अगदी पहिल्या दिवसापासून, बँकवाल्याच्या मागे उभी राहून.

मी म्हटलं, आण इकडे, जोड बघू दे. वाटलं नाही म्हणेल. आणली. पलंगभर पसरली. मी टेप घेऊन एकेक जोड बघितला, चष्मा पुसून पुन्हा बघितला. सगळीकडे अर्धा इंच. घडी घालायला मी हात पुढे केला. कन्या म्हणाली, बाबा, अशी नाही, अशी. आणि दाखवलं. तिने दाखवली तशी घातली. कोंबली नाही.

ठीक आहे, असं म्हटलं. 

१३ एप्रिल, रविवार

मला टेकडीखाली खुर्ची टाकून बसवलं. बाईंची माणसं वर, उताराच्या सगळ्यात सौम्य भागात. आधी बँकवाला. तीनदा वारा विचारला, दोनदा विंग खाली ठेवून परत नीट लावली, आणि मग तरंगत खाली आला. उतरल्यावर रडत होता. मोठा माणूस, लाज नाही.

मग कन्या.

ही विंग इतकी हळू आहे की तिच्याखालून चालत गेलं तरी पुढे निघू. मुळीच स्पीडफ्लाइंग नव्हे. सरळ रेषेत, खूप उंची राखून, मोकळ्या जागेच्या अगदी मध्यावर येऊन तिने दोन पावलं टाकली आणि उभी राहिली. जिन्याची शेवटची पायरी उतरावी तशी.

ही म्हणाली, आता सोडा माझा हात, बोटं दुखली. मी धरला होता हे माझ्या लक्षात नव्हतं.

कन्येने वरून हात केला होता म्हणे. मी जोडांकडे बघत होतो.

१७ एप्रिल, संध्याकाळी

बाई घरी आल्या. वाटलं, पायाची चौकशी. ती केलीच. पण मुख्य काम वेगळं. माझी विंग मागायला आल्या होत्या. वर्गाच्या भिंतीवर लावायची आहे, येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी दिसेल अशी.

शेवटी कुणाला तरी कळलं.

कुबड्या घेऊन स्वतः उठलो, कपाटातून विंग काढायला लावली. म्हटलं, आठवडाभर थांबा, डावी बाजू नवीन करून देतो, आणि या वेळी माया अर्धा इंच ठेवतो, तुमच्या शब्दाखातर. बाई घाईघाईने म्हणाल्या, नको नको मामा, दुरुस्त केलीत तर आमच्या काही कामाची नाही. कन्या खिडकीबाहेर बघायला लागली. ही चहा टाकते म्हणून आत गेली आणि आतून खोकल्यासारखा आवाज आला. हिला खोकला नाही.

खाली लावायची पाटी बाईंनी बरोबरच आणली होती. अक्षर छान आहे. लिहिलं आहे: टाके शाबूत आहेत, घोटा नाही. पहिला भाग बरोबर आहे, असं मी सांगितलं.

मग किमतीचं बोलल्या. सगळी विंग दिली तर दोन हजार. भिंत लहान आहे, म्हणून नुसता फाटलेला भाग कापून दिला तर अडीच.

नाही म्हटलं. शिवलेल्यापेक्षा फाटलेल्याला जास्त भाव, असल्या भिंतीवर माझं काम लागणार नाही. अडीच हजारांनाही नाही म्हटलं.